कूलरसमोर ठेवा

चंद्रपुरात मे महिन्यात माणूस तापतो, कुत्रं तापतं, नळाचं पाणी तापतं. मग एक गेमची मशीन तापून बंद पडली तर तिचा काय गुन्हा, असं मी गिऱ्हाइकाला विचारतो. गिऱ्हाईक हसत नाही. त्याला मशीन संध्याकाळपर्यंत पाहिजे असते.

माझे अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. मी टीव्हीवर हात बसवला, मग व्हिडिओ, मग मोबाइल, आणि गेली बरीच वर्षं टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशिनी, म्हणजे लोक ज्याला कन्सोल म्हणतात त्या. आमच्या आणि शेजारच्या अशा दोन जिल्ह्यांत हे काम करणारे फार नाहीत. त्यामुळे धानोऱ्याची, पोंभुर्ण्याची, पार सिरोंच्याकडची मशीनसुद्धा बसच्या टपावरून, कोणाच्या तरी मांडीवरून माझ्याकडे येते. लोकांना वाटतं रशीदभाऊचं चांगलं चाललंय. चालतं. पण आता कंबर बोलते, डोळ्यांवर दोन चष्मे एकावर एक लावावे लागतात, आणि रविवारी दुकान बंद ठेवण्यावरून घरी माझी बायको शमीम आणि माझी रोज बाचाबाची होते. ती म्हणते बंद ठेवा. मीही म्हणतो बंद ठेवतो. तरी शटर उघडतं.

दिवाळी अंक काढणारे एक गृहस्थ माझे जुने गिऱ्हाईक आहेत. ते म्हणाले, मशीन का तापते ते साध्या भाषेत लिहा, लोकांना उपयोग होईल. तर आधी ते उरकून टाकतो.

मशीनच्या पोटात एक मोठी चिप असते. सगळा खेळ तीच चालवते आणि सगळी उष्णता तीच काढते. तिच्या डोक्यावर तांब्या-अॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो. चिपची गरमी त्या पात्यांत चढते, शेजारचा पंखा बाजूच्या फटींतून हवा ओढतो आणि ती गरमी मागून बाहेर फेकतो. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये एक पेस्ट असते. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणारा चुना लावतो ना, तेवढीच, बोटाच्या टोकावर मावेल इतकी. ती ओली आहे तोवर गरमी वर जाते. दोन-तीन उन्हाळ्यांत ती डबीतल्या जुन्या चुन्यासारखी वाळून कोरडी पडते, मग गरमी खालीच कोंडते. त्यात पात्यांमध्ये धूळ बसली, वर लोकांनी मशीन काचेच्या कपाटात कोंबली, त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, की झालं. मशीन आधी घोंघावते आणि मग पटकन बंद पडते. लोक म्हणतात बिघडली. खरं तर ती शहाणी असते. जळण्याआधी झोपते.

धूळ बघून मी गाव सांगतो. ही एक माझी फुशारकी समजा. खाणीच्या बाजूच्या वस्तीतली मशीन उघडली की काळी भुकटी, काजळ घालून घ्यावं अशी. वीज केंद्राच्या बाजूची राखाडी. धानाच्या गिरणीजवळची असेल तर पात्यांत सोनेरी कोंडा. एकदा एका मशीनमधून हळद, कुंकू आणि चिमूटभर अक्षता निघाल्या. मी त्या घरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दसऱ्याले सगळ्याच यंत्राची पूजा करतो नं भाऊ. फ्रिजची केली, गाडीची केली, याची काऊन नाई करायची?" मी म्हटलं करा, पण बाहेरून करा. पुढच्या दसऱ्यानंतर त्यांची मशीन पुन्हा आली. त्या वेळी झेंडूची पाकळीही होती.

हे हसण्यासारखं झालं. आता न हसण्यासारखं.

चिपच्या खाली कथलाचे मोहरीहून बारीक मणी असतात. चिप त्यांच्यावरच बोर्डाला चिकटलेली असते. मशीन वर्षानुवर्षं तापून गार होत राहिली की त्या मण्यांना तडे जातात, आणि मग ती सुरूच होत नाही. यावर एक युक्ती आहे. गरम हवेच्या ब्लोअरने चिपला भाजायचं. मणी थोडे सैल होतात, पुन्हा टेकतात, मशीन सुरू होते. गिऱ्हाईक खूश, आपण खूश. पण ते काम टिकत नाही. पंधरा दिवस, महिना, नशीब असेल तर दोन महिने. मी ही युक्ती खूप वर्षं केली. ती टिकत नाही हे मला माहीत होतं. परत आलेल्याला मी सांगायचो, "पुन्हा तापली, तुम्ही जपून वापरत नाही."

धानोऱ्याचे एक मास्तर अशी एकच मशीन घेऊन तीनदा आले. सकाळची बस धरून यायचे आणि पायरीवर डबा खायचे. तिसऱ्यांदा ते भांडले नाहीत. मशीन टेबलावर ठेवली आणि विचारलं, "रशीदभाऊ, हे असं होते हे तुमाले पहिलेच मालूम होतं काय?" मी म्हणालो, नाही. ते बरं म्हणाले आणि मशीन उचलून निघून गेले. परत आले नाहीत. त्या दिवसापासून मी चिप भाजणं सोडलं. पण खोटं बोलणं सुटलं असं मला वाटत होतं, ते मात्र सुटलं नव्हतं. ते मला वासुदेवभाऊंमुळे कळलं.

वासुदेवभाऊ पोंभुर्ण्याकडच्या एका गावचे ढिवर. तलावावर मासेमारी करतात. साठीचे असतील, हाडं मजबूत, बोलणं कमी. दोन वर्षांमागे ऐन एप्रिलात ते दुकानात आले ते मासळीच्या टोपलीत मशीन घेऊन. वरून बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. मशीन उघडली तर पंख्याच्या पात्याला माशाचा एक खवला चिकटलेला होता. दिवसभर दुकानाला तलावाचा वास येत होता आणि शेजारच्या गल्लीतली मांजर पायरीवरून हलायला तयार नव्हती.

मी विचारलं, "घरी कोण खेळतं भाऊ? नातू?"

"नाई. मीच खेळतो."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण ते थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. हळूहळू, माझ्या स्क्रू काढण्याच्या वेगाने, त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा मंगेश हैदराबादेत एका गोदामात कामाला आहे. त्याला जाळं टाकायचं नव्हतं. जायच्या दिवशी वासुदेवभाऊ मच्छीमार सोसायटीच्या चार लोकांदेखत म्हणाले होते, ज्याले आपल्या तलावात जाळं फेकता येत नाई तो परक्या गावात काय दिवे लावीन. झालं. पोरगा दोन वर्षं बापाशी बोलला नाही. फोन यायचा तो आईला. मग एका पोळ्याला तो घरी आला, आपली जुनी मशीन टीव्हीला लावून बसला, आणि बाप कसं कोण जाणे शेजारी जाऊन बसला. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. बापाची गाडी भिंतीवर आदळली आणि पोरगा हसला. जाताना त्याने मशीन घरीच ठेवली आणि आईच्या मोबाइलच्या इंटरनेटला ती कशी जोडायची ते बापाला शिकवलं. हैदराबादेत गोदामामागच्या आपल्या खोलीवर त्याने स्वतःसाठी दुसरी घेतली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोन वाजता बाप इथून आणि पोरगा तिथून शर्यत खेळतात, कानाला माइक लावून.

"फोनवर नाही का बोलत?" मी विचारलं.

"फोनवर काय बोलाचं? फोन लावला का दोघंही गप." मग म्हणाले, "मशीन मधातच बंद पडते आता. तो तिकडं वाट पायते."

मी विचारलं, रोज किती वेळ चालवता? ते म्हणाले, रोज नाई, फक्त रविवारी, एक शर्यत. मला ते पटलं नाही. आत पेस्ट जळून कोळसा झाली होती. आठवड्यातून एक शर्यत खेळून अशी दशा होत नाही. पण गिऱ्हाईक वापराचे तास नेहमीच कमी सांगतं, तसंच हेही, असं मी धरून चाललो. मशीन साफ केली, पंखा मोकळा केला, नवी पेस्ट लावली, तासभर चालवून दाखवली.

निघताना त्यांनी विचारलं, "घरी कशी जपू?"

त्या दिवशी टेबलावर दहा-बारा मशिनी होत्या, बाहेर डांबर वितळत होतं, लाइट दोनदा गेली होती. मान वर न करता मी म्हणालो, "कूलरसमोर ठेवा भाऊ."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतो. पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना गवत, त्यावर पाणी गळतं, आणि पंखा ती ओली हवा घरात फेकतो. माणसाला त्यात स्वर्ग वाटतो. मशीनला मात्र ते विष आहे. ओली हवा आत जाते, धुळीचा चिखल होतो, पाण्यातला क्षार पात्यांवर बसतो, बोर्ड गंजतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शंभर जणांना मी उलटं सांगितलंय, कूलरपासून लांब ठेवा म्हणून. त्या दिवशी तोंडून उलटं गेलं. थकलेल्या माणसाचं तोंड आपोआप चालतं.

जुलैत ते परत आले. तीच टोपली, तेच लुगडं. मशीन सुरू होत नव्हती. वरचं झाकण काढलं आणि मी गार पडलो. आत पांढरं मीठ फुटलं होतं, पात्यांमध्ये तलावाचा गाळ दगडासारखा बसला होता, पंख्याच्या दांड्याला गंज.

"कूलरसमोर ठेवली होती?"

"हो तं. तुमीच सांगतलं ना," ते म्हणाले. "आमच्याकडं कूलर नव्हता. घेतला मंग."

त्या घरात शेहेचाळीस डिग्रीत माणसं इतकी वर्षं बिनकूलरची राहिली होती, आणि माझ्या एका वाक्यावर मशीनसाठी कूलर आला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "ठेवून जा. बघतो."

ती मशीन तीन आठवडे रॅकवर पडून राहिली. काम जास्त होतं असं मी लिहू शकतो, पण ते खरं नाही. टोपलीकडे नजर गेली की मला धानोऱ्याचे मास्तर आठवायचे आणि मी दुसरी मशीन हातात घ्यायचो. शमीमने एकदा विचारलंही, "ये मच्छी का टोकरा कब तक रहेगा?" मी म्हणालो, पार्ट यायचा आहे. मी कोणताच पार्ट मागवला नव्हता.

तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, वासुदेवभाऊ दुकानात येऊन उभे राहिले. छत्रीतून पाणी निथळत होतं. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"झाली काय?"

"नाही अजून."

ते रॅककडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंगेशनं मायले फोन केला. मने, बाबाले बोलाचंच नसन तं राहू दे. ती बिचारी मने, अरे मशीन दुरुस्तीले देली. तर तो मने, तीन-तीन हप्ते लागते काय एका मशीनले? बहाना आहे मने." छत्री त्यांनी भिंतीला टेकवली. "आता फोन उचलत नाई तो. मायचाही नाई."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांना उद्या या म्हणालो, वासुदेवभाऊंना स्टूल दिलं आणि सांगून टाकलं. कूलरचं मी चुकीचं सांगितलं. मशीन त्यानेच खराब झाली. तुमचा काही दोष नाही. आणि तिला मी तीन आठवडे हातसुद्धा लावला नाही, कारण मला लाज वाटत होती.

ते रागावतील, ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तवाच काऊन नाई सांगतलं भाऊ? तुमी सांगतले असते तं मी त्याले सांगतलो असतो."

मी म्हणालो, "रविवारी या. दुपारी दोनच्या आत. इथेच लावू."

"होईन?"

"माहीत नाही," मी म्हणालो. बऱ्याच वर्षांत गिऱ्हाइकाला दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर असेल.

शुक्रवार आणि शनिवार मी दुसरं काही केलं नाही. बोर्ड सुटा करून स्पिरिटने आणि दात घासायच्या मऊ ब्रशने बोट-बोट धुतला. पात्यांतला गाळ सुईने टोकरून काढला. पंखा आणि आतला वीजपुरवठ्याचा डबा दोन्ही गेले होते, ते मी एका भंगार मशीनमधून काढून बसवले. तीन ठिकाणी तांब्याची रेघ गंजून तुटली होती, तिथे केसाएवढी तार जोडली. दोन्ही चष्मे, वर भिंग. चिप भाजली नाही. शनिवारी संध्याकाळी बटण दाबलं. पंखा फिरला.

रविवारी वासुदेवभाऊ एक वाजताच आले. पावसाने उघडीप दिली होती आणि उकाडा नुसता अंगाला चिकटत होता. मी मशीन टेबलावरच्या टीव्हीला लावली, माझ्या मोबाइलचं इंटरनेट दिलं, आणि म्हणालो, पोरगा येईपर्यंत एक शर्यत चालवून बघा, तापते का कळेल. त्यांनी खेळायचा रिमोट हातात घेतला.

मी आयुष्यात खूप जणांना खेळताना पाहिलं आहे. दुकानात मशीन तपासायला प्रत्येक जण खेळतोच. पण असा हात मी पाहिला नाही. जोर नाही, झटका नाही. वळणाच्या आधीच अंगठा हलायचा, जाळं फेकणाऱ्याला पाण्याखालची हालचाल आधी कळावी तसा. आठ गाड्यांत त्यांची गाडी पहिली आली आणि भिंतीला कुठेही लागली नाही.

"भाऊ, तुमाले तं मस्त येते!" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"येते ना. दोन वर्सं काय करून राह्यलो मंग?" ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "पन मी हारलो का तो हासते. हासला का बोलते."

दोन वाजले. पडद्यावर मित्रांच्या यादीत मंगेशचं एकच नाव होतं, आणि ते विझलेलं होतं. सव्वादोन झाले. अडीच झाले. वासुदेवभाऊ रिमोट मांडीवर ठेवून बसले होते. "येनार नाई तो," ते म्हणाले आणि लुगड्याची घडी घालायला लागले.

मी त्यांच्याकडून नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर म्हणून त्याने उचलला. "कोन?"

"मी रशीद. चंद्रपूरचा दुकानवाला. तुझ्या बाबांची मशीन माझ्याकडे होती. बहाणा नव्हता रे पोरा. बिघडवली मी, आणि रखडवलीही मीच. ते एक वाजल्यापासून इथे दुकानात येऊन बसलेत."

पलीकडे कोणी तरी तेलुगूत ओरडत होतं, सामान आदळल्याचे आवाज येत होते. मग "बरं" म्हणाला तो आणि फोन ठेवला. आता याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना. वासुदेवभाऊंना काय सांगू तेही कळेना.

दहा मिनिटांनी पडद्यावरचं नाव उजळलं.

वासुदेवभाऊंनी माइक कानाला लावला. पोराचा आवाज टीव्हीतून येत होता. "आवाज येते काय बाबा?" "येते." एवढंच. शर्यत सुरू झाली. दोनच गाड्या. पहिल्याच वळणावर वासुदेवभाऊंनी गाडी सरळ नेऊन भिंतीवर घातली. टीव्हीतून हसू आलं. "बाबा, किती सांगतलं तुमाले, ब्रेक दाबा ना!" "कोनता ब्रेक?" बाप म्हणाला, अगदी भोळ्या आवाजात.

पोराची गाडी कितीतरी पुढे गेली. मला वाटलं आता दोन मिनिटांत संपेल आणि मी जेवायला जाईन. पण शेवटच्या रेघेच्या दहा हात अलीकडे मंगेशची गाडी थांबली. रेघ ओलांडली असती तर तो जिंकला असता. शर्यत संपली असती. बापाची गाडीही मागे कुठेतरी एका झाडाखाली उभी राहिली.

"या ना बाबा," पोरगा म्हणाला.

"येतो ना. येऊन राह्यलो," बाप म्हणाला आणि रिमोट टेबलावर ठेवून दिला.

मग ते बोलायला लागले. आईचा गुडघा, तलावात पाणी किती चढलं, यंदा माशाचं बीज कोणतं सोडलं, गोदामातला मुकादम. "आता कूलर घेतला तुमी, मी घरी होतो तवा नाई घेतला!" "तुह्यासाठी नाई घेतला, मशीनसाठी घेतला." "मंग माय कुठी झोपते?" "कूलरसमोर. आता मशीनले जागाच नाई." पोरगा पुन्हा हसला. पडद्यावर दोन्ही गाड्या उभ्या होत्या, इंजिनं चालू ठेवून.

एका शर्यतीत पेस्टचा कोळसा कसा झाला ते मला तेव्हा कळलं. शर्यत एकच होती हे त्यांनी खरंच सांगितलं होतं. ती संपत नव्हती एवढंच.

गाडी उभी असली तरी मशीनला ते कळत नाही. चिप तितकंच राबते, तितकीच तापते. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, खेळत नसाल तर बंद करा, निम्मी दुरुस्ती वाचेल. चार वाजत आले तेव्हा भंगारातून बसवलेल्या पंख्याचा आवाज चढला. मागच्या फटीवर हात धरला, हवा तव्यासारखी येत होती. शमीमचा फोन दोनदा वाजून गेला. बंद करा म्हणायला मी तोंडही उघडलं.

मग उठलो, माझ्या खुर्चीजवळचा टेबलफॅन उचलला, मशीनकडे तोंड करून लावला, आणि घाम पुसत बसून राहिलो.